न मोजलेला ट्रे

"काही नाई बे, इंग्लिश मिडियमची पोरगी हाय. एवढ्यातच दमली."

पडद्यापलीकडून सुरडकर काकांचा आवाज आला. ते आमच्या लॅबचे प्रमुख. तासाभरापूर्वी मला श्वास घेता येईना, तेव्हा त्यांनीच मला गाडीत घालून चिखलीच्या दवाखान्यात आणलं होतं. आता ते कंपाउंडरशी बोलत होते. पडद्याच्या अलीकडे मी खाटेवर, छातीला ईसीजीच्या वायरी. ईसीजी म्हणजे हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारी तपासणी. कागद सरसर बाहेर येत होता आणि खरं सांगते, यात काहीतरी निघू दे, असं मला वाटत होतं. म्हणजे काकांना खोटं पाडता आलं असतं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे तुझं. हा पॅनिक अटॅक होता." म्हणजे समोर धोका नसताना शरीराने धोका आहे असं समजणं. श्वास अडकतो, हातांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असं वाटतं.

"शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

मला आठवेना.

"याच्या मागे बर्नआउट आहे," त्या म्हणाल्या. कामाचा ताण महिनोन्महिने न उतरल्यामुळे शरीर आणि मन दोन्ही रिकामं होणं म्हणजे बर्नआउट. रक्ताच्या तपासणीत थायरॉइड ठीक निघालं, बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व कमी. त्याची इंजेक्शनं, दोन आठवडे रजा, आणि बुलढाण्याला समुपदेशक ताईंकडे जायचं ठरलं.

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासते. ओल्या कागदावर मिरचीच्या शंभर बिया मांडायच्या, असे एका लॉटचे, म्हणजे एकाच खेपेच्या बियाण्याचे, चार ट्रे लावायचे आणि चौदा दिवसांनी किती बिया नीट उगवल्या ते मोजायचं. सीझनमध्ये दिवसाला वीस ट्रेचे साठ झाले. काका तीस वर्षं हेच करत आलेले. एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने मोजायचे. "आमी तर रविवार पाह्यलाच नाई," हे ते अभिमानाने सांगायचे. मी "हो काका" म्हणायचे. दोन वर्षांत लॅबमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेले शब्द बहुधा हेच असतील.

आधी झोप गेली होती. मग मोजताना आकडा हरवायला लागला. सदतीसवर आले की पुन्हा एकपासून. घरी ताटातल्या पोळ्याही मी मोजायला लागले होते. तुमचं असं काही होत असेल तर माझ्यासारखी श्वास अडकायची वाट बघू नका.

रजेचे पहिले तीन दिवस मी फक्त झोपले. चौथ्या सकाळी आई म्हणाली, "चाल, नुसती बसजो." आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, सावलीच्या जाळीखालचं शेत. तिथे आई आणि चार बायका मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग करतात. एका जातीचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलाला लावायचे आणि झालेल्या फुलाला ओळखीसाठी लाल दोरा बांधायचा. याच कामावर आईने माझी कॉन्व्हेंटची फी भरली.

अर्ध्या ओळीत रुख्मामावशी थांबली. कमरेचा दोऱ्यांचा जुडगा सोडून तिने आईच्या हातात दिला आणि ती माठाजवळ जाऊन बसली. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

"मावशी, बरं नाही का?"

"डोळे फिरले माय. एका फुलाचे दोन दिसून राह्यले."

"तशीच रेटली तं भलत्याच फुलाले दोरा बांधीन," आई ओळ पुढे नेत म्हणाली. "मंग अख्खा प्लॉट फेल. डोळे फिरले का दोरा देऊन बसाचं. आमचा नियमच हाय."

"किती वेळ?"

"डोळे जागेवर येयेपर्यंत," मावशी म्हणाली. "तुह्या कंपनीवानी अंगठा नाई लावा लागत इथं!"

सगळ्या हसल्या. मीही. आणि हसता हसता थांबले.

ज्यांना मी कधीच न थकणारी पिढी समजत होते, त्या थकत होत्या. फक्त त्या ते सांगत होत्या. मी सांगितलं नव्हतं, आणि भलत्या फुलाला दोरा बांधून बसले होते. अटॅकच्या आदल्या दिवशी एका लॉटचा तिसरा ट्रे मी मोजलाच नव्हता. बाकीचे ट्रे नव्वदीत होते, म्हणून ब्याण्णव लिहून सही केली होती. तो लॉट येत्या सोमवारी पॅकिंगला जाणार होता.

मी आईला सांगितलं. नोकरी जाईल, असंही सांगितलं.

तिने हातातलं फूल पूर्ण केलं. "ते बी कोण्यातरी बाईच्याच वावरात जाईन ना? ज्याच्या हाती दोरा द्याचा त्याले देऊन ये."

समुपदेशक ताई म्हणाल्या, "बोलायचं ते लिहून ने." मी आधी इंग्रजीत लिहिलं. फार सभ्य झालं होतं. फाडलं आणि मराठीत लिहिलं.

त्या सोमवारला आता सहा महिने झाले. लॉट थांबला. चारही ट्रे नव्याने लावले, कारण बाकीचे तीनही मी त्याच डोळ्यांनी मोजले होते. उगवण मी लिहिली होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. ते बी कुणाच्याही वावरात गेलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे, शाळेतल्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त. लॅबमध्ये आणखी एक मुलगी आली आणि माणशी पंचवीस ट्रे ठरले.

 मी रजेवरून परतल्यावर आठवडाभराने, एका दुपारी काका चष्मा काढून माझ्या टेबलाशी आले. "चार वर्षं झाले पोरी, माह्याही डोळ्यापुढे आकडे नाचतात. सांगू कोणाले?" मी त्यांना त्याच डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. बीपी भरपूर निघालं. पडद्यापलीकडे या वेळी मी बसले होते. आता दमले की ते स्वतःच हाक मारतात, "घे वं, दोरा घे!" आणि रविवारी लॅबला कुलूप असतं.

मी नीट झोपते. पोळ्या मोजत नाही. डॉक्टर मॅडम, ताई, आई आणि माठाजवळ बसलेली रुख्मामावशी, या चौघींची मी ऋणी आहे.

पण त्या सोमवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. पॅकिंगची दोन माणसं दारात उभी होती. काका रजिस्टरवर सही करायला पेन शोधत होते. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. लिहिलेला कागद पर्समध्येच राहिला.

"थांबा काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज दारापर्यंत गेला. "सही करू नका. तिसरा ट्रे मी मोजलाच नाही. मी थकले होते, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते आहे."