पाठक सर आणि गोष्टींचं कार्ड

कुणी घाबऱ्याघुबऱ्या फोन करून मशीन बंद पडल्याचं सांगितलं, की पाठक सर काय झालं, कसं झालं, हे विचारत नसत. "बॅकअप कुठंय?" एवढंच विचारत. नाही म्हटलं की पलीकडे बराच वेळ शांतता. त्या शांततेत माणसाला आपली लायकी कळायची. तळेगावला उभी हयात संगणक शिकवून ते कुसगावला राहायला आले होते, आणि आंदर मावळातल्या आमच्या शाळेत स्वतःहून येत. बोलणं तिरकस, पण येण्यात खंड नाही.

शाळेत इंटरनेट नाही, म्हणून सरांनी तळहातावर मावेल असा एक लिनक्स संगणक बसवला होता. त्याचं सगळं नखाएवढ्या कार्डावर: धडे, चित्रं, आणि सरांच्या पत्नीनं, विमलताईंनी, वर्गात बसून मुलांना सांगितलेल्या गोष्टी. विमलताई गेल्या, पण मुलं रोज दुपारी त्यांचा आवाज लावून ऐकत. या गोष्टींचा बॅकअप मात्र सरांकडे नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथं ती मुलांना गोष्ट सांगते. घरी लावली तर ती नाही एवढंच ऐकू येईल."

आमच्याकडे आभाळ गरजलं की घरोघर आधी पिना काढतात. खिचडी शिजवणाऱ्या सखूमावशींचा टीव्ही एकदा विजेनं जळला, तेव्हापासून त्या शाळेतल्याही पिना ओढत. सर त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. आधी बटण दाबा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग ओढा, असं त्यांनी शिकवलं. मावशी तेवढा वेळ हात जोडून उभ्या राहत. पण त्या दिवशी वीज शाळेमागच्या माळावरच पडली, आणि मावशींनी पीन तशीच ओढली. "दिव्याकडं कोन बगतंय गुरुजी, पोरं आत व्हती," त्या मला म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं.

संगणक पुन्हा चालू केला तर पडद्यावर नुसत्या चुकांच्या ओळी, आणि तो नवीन काही साठवून घेईना. सरांना फोन केला. त्यांनी पहिल्यांदाच बॅकअपचं विचारलं नाही.

"कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडलीय. फाइली शाबूत असणार. आणखी बिघडू नये म्हणून त्यानं स्वतःच लिहिणं बंद केलंय. दुरुस्तीची कमांड द्यायची नाही. आधी अख्ख्या कार्डाची कॉपी काढू, मग काय ती दुरुस्ती कॉपीवर. मी उद्या येतो, तोवर कुणी हात लावू नका."

मी हे मुख्याध्यापकांना शब्दशः सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोठे साहेब यायचे होते. बंद संगणक त्यांना कसा दाखवायचा, म्हणून मुख्याध्यापकांनी भल्या सकाळीच एक दुरुस्तीवाला गाडीवर बसवून आणला. मी पोचेपर्यंत तो कार्ड पुसून, त्यावरच नवीन लिनक्स भरून निघूनही गेला होता. सकाळची एसटी आली नव्हती. सर अर्धी वाट चालत दुपारी पोचले. मुख्याध्यापक हसत म्हणाले, "सर, तुम्हाला उगाच त्रास. बघा, कसा पळतोय."

"जुनं कार्ड?" सरांनी विचारलं.

"तेच आहे की हे."

मला वाटलं, आता सर त्यांची सालटी काढतील. मला ते हवंही होतं. सरांनी संगणक नीट बंद केला, कार्ड काढून रुमालात गुंडाळलं, कॉपीसाठी आणलेलं कोरं कार्ड टेबलावर ठेवलं आणि चहा न घेता निघाले. साहेब सर पोचायच्या आधीच उत्तम शेरा देऊन गेले होते. मुख्याध्यापक तो अजून सांगत फिरतात, आणि ते ऐकताना माझं डोकं अजून फिरतं.

सर पुन्हा शाळेत आले नाहीत. दिवाळीनंतर मी कुसगावला गेलो, तर ते त्या पुसलेल्या कार्डातून फाइलींचे तुकडे उकरत बसले होते. एकेक तुकडा ऐकायचा, बाजूला ठेवायचा. किती वाळलेत, हे मला तेव्हाच दिसलं. काही हाती लागलं का, असं मी भीतभीत विचारलं.

"लागलं थोडं," कानावरचे हेडफोन न काढता सर म्हणाले. "पोरं खो खो हसतायत. ती काय म्हणाली म्हणून हसतायत, तेवढं गेलं."