एकाच बगळ्याच्या तीन प्रती

हॉलच्या नव्या आराखड्यात आत्याचं कपाट नव्हतं. त्या जागी इंटिरिअरवाल्याने एक उंच फुलदाणी काढली होती आणि तिच्यात तीन सुकलेल्या काड्या. आत्याने कागद जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. चष्म्याच्या दुकानात हयात गेलेली बाई. दोष नजरेचा नाही, हे तिला लगेच कळलं.

कपाटात तिचे जुने कार्टूनपट होते, हाताने काढलेल्या चित्रांचे. सुरुवात व्हिडिओ कॅसेटपासून झाली. मग डीव्हीडी आल्या, मग ब्लू-रे. दर वेळी घरच्यांना वाटलं, आता जुनं जाईल. जुनं गेलं नाही. नवं त्याच्या शेजारी येऊन बसलं. आत्या लग्नाच्या फंदात पडली नव्हती. धाकट्या भावाच्या संसारात ती राहत होती की तिच्या घरात भाऊ राहत होता, हा विषय कुणी काढत नसे.

भावाचं म्हणणं सरळ होतं. एका सिनेमाची एकच प्रत ठेवायची, सगळ्यात चांगली असेल ती, बाकीच्या भंगारात. उरलेलं पलंगाखालच्या खणात मावेल. भाचीच्या मते तेवढंही नको, सगळं ऑनलाइन मिळतं. पण तिचेच दोन आवडते सिनेमे ऑनलाइनवरून एके दिवशी न सांगता गायब झाले होते, म्हणून तिने फार ताणलं नाही. शेवटी ठरलं की रविवारी दुपारी एकाच सिनेमाच्या तिन्ही प्रती लावायच्या आणि सगळ्यांनी मिळून निकाल द्यायचा. आत्या इतक्या सहज हो म्हणाली, की भावजयीला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आत्याने बगळ्याचा सिनेमा निवडला. तळं आटत चाललंय, बाकीचे पक्षी उडून गेलेत आणि एक म्हातारा बगळा जागचा हलायला तयार नाही, एवढीच गोष्ट.

आधी कॅसेट लावली, तर यंत्राने फीतच गिळली. एक उमेदवार बाद झाला, असं भावाने जाहीर करून टाकलं. आत्याने चष्म्याच्या काड्या आवळायचा बारका स्क्रूड्रायव्हर आणला, यंत्राचं झाकण उघडलं, फीत सोडवली, बोटाने गुंडाळून परत लावली. चित्र आलं ते विटलेलं. चोचीचा पिवळा रंग पाण्यात सांडला होता आणि आवाजात सारखी खरखर. भावजय म्हणाली, डोकं उठलं. आत्या म्हणाली, उठणारच.

डीव्हीडीत रंग बरे होते. गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज इतका स्वच्छ, की मधे तो दम घेतो तेही ऐकू येत होतं. पण रुंद टीव्ही भरावा म्हणून चित्र खालून-वरून छाटलेलं. बगळा एका पायावर उभा होता, आणि तो पायच दिसत नव्हता.

"अहो, हे बदक आहे," भावजय नवऱ्याला म्हणाली.

भावाला मात्र टीव्ही कसा भरलेला दिसतो याचंच कौतुक. एवढा मोठा आणला तो दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघायला का, हा त्याचा जुना सवाल होता.

ब्लू-रे लावल्यावर सगळे सावरून बसले. पाय परत आले होते. रंग आत्ताच काच पुसल्यासारखे. आत्याने एका जागी चित्र थांबवलं आणि भाचीला पाणी बघायला सांगितलं. कॅसेटमध्ये बगळ्याच्या पायाभोवती पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. प्रसंगागणिक त्या कमी होत जायच्या. तळं आटतंय हे त्यांच्यावरूनच कळायचं. फिल्म साफ करणाऱ्या यंत्राला ते ओरखडे वाटले असणार. आता बगळा एका कोऱ्या निळ्या चादरीत उभा होता. आवाजही बदललेला, त्या म्हाताऱ्याच्या जागी कुणी उत्साही तरुण बोलत होता.

तरी मतं पडली ती तिसरीलाच. भाचीने जरा चाचरतच सांगितलं.

"बरोबर आहे तुझं," आत्या म्हणाली. "तिसरीच सगळ्यात चांगली. माझंही मत तेच."

भावाने सुटकेचा श्वास सोडला. "चला, मग बाकीच्या दोन..."

"त्या राहतील."

"अगं ताई, मग एवढी तुलना कशाला केली?"

"तुला हवी होती म्हणून. आई आपल्या दोघांची तुलना जन्मभर करायची. एकदाही तू जिंकला नाहीस. तुला घराबाहेर काढलं का?"

भाची खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवू लागली. भावजय उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं हसू ऐकू आलं. भावाने टीव्ही बंद केला. सुतार उद्या सकाळी येतोय, एवढंच तो म्हणाला.

सोमवारी सकाळी आत्याने दुकानात रजा कळवली, कपाटासमोर खुर्ची ओढली आणि पेपर वाचत बसली. सुतार हत्यारं घेऊन उभा राहिला. इंटिरिअरवाल्याने बरंच समजावलं. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे, असं त्याचं मत होतं. इतकी वर्षं न घेता जगलीय, आत्या म्हणाली आणि पान उलटलं. मग त्याने भावाला ऑफिसात फोन लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता.

"साहेब म्हणतात, तुमचं तुम्ही बघून घ्या," फोन ठेवत तो म्हणाला. "मॅडम, निदान अर्धं तरी काढू?"

"अर्धं कुठलं काढता? पाय की पाणी?"

त्याला काहीच कळलं नाही. सुताराला मात्र कळलं. त्याने हातोडी पिशवीत टाकली, मोजपट्टी काढली आणि नवं कपाट याच भिंतीला करायचं असेल तर माप कशाचं घेऊ, असं सरळ आत्यालाच विचारलं.

आत्या उठली. बगळ्याच्या तिन्ही प्रती काढून तिने त्याच्या हातावर ठेवल्या.

"तिन्ही नीट उभ्या राहिल्या पाहिजेत," ती म्हणाली. "आणि प्रत्येक फळीवर थोडी जागा जास्त सोडा. चौथी निघाली, तर तीही घेणार आहे."