वरच्या मजल्यावरची उठाठेव

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. पुण्याला राहणारा त्यांचा मुलगा बोलत होता, रडत नव्हता, फक्त एकेक शब्द जपून बोलत होता. "काकू, पहाटे गेले... हॉस्पिटलातच." मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि आधी छताकडे बघितलं. आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि नाना बरोबर आमच्या डोक्यावर, चौथ्यावर. सात वर्षं त्या छतातून खुडबुड ऐकत आले होते. तवा जळायला लागला तरी मी वरच बघत होते. मग मात्र खरीच भीती वाटली, अगदी सात वर्षांपूर्वीसारखी.

मी मुळातच भित्री. माहेर साताऱ्याकडचं, घरात सदानकदा वीसेक माणसं, त्यामुळे एकटेपणा म्हणजे काय हे लग्नापर्यंत माहीतच नव्हतं. आमच्या ह्यांची नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात, म्हणून इथे फ्लॅट घेतला. चार मजली बिल्डिंग, नवा रंग, नव्या टाइल्स आणि माणसं फक्त दोन घरांत. बाकी सगळ्या दारांना कुलपं. लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला कोणी येत नव्हतं. करावे गावातली मच्छीवाली जिना चढून वर यायची आणि टोपली उतरवताना दर वेळी तेच विचारायची, "बाय, येवरी मोठी बिल्डिंग, न मानसां दोनच घरांची! भ्या नाय वाटत तुला?" मी हसायचे आणि ती गेली की दोन्ही कड्या लावायचे. लोकांना रात्रीची भीती वाटते. मला दुपारची वाटायची. रात्री हे घरी असायचे. दुपारी मी, पाळण्यातलं बाळ आणि ती कुलपं. जिन्यात वाऱ्याने कागद सरकला तरी मी उठून कड्या तपासायचे. शेवटी हेच म्हणाले, "तू सध्या माहेरी जा. बिल्डिंग भरली की ये." बिल्डिंग कधी भरणार होती? मला संसार मोडून तिकडे जाऊन बसायचं नव्हतं, पण इथे राहायचा धीरही होत नव्हता. बॅग भरायला काढली होती.

वर नाना एकटेच राहत. गिरगावातल्या एका छापखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. मूळचे राजापूरकडचे. दुपारी जेवणं झाली की वर सुरू व्हायचं. स्टूल ओढल्याचा आवाज, हातोडीचे चार ठोके, डबा पडल्याचा आवाज, पुन्हा स्टूल. त्यांच्याकडे एक लाकडी स्टूल होतं, एका पायाने डुगडुगणारं. नाना तो पाय काढायचे, ठोकायचे, बसवायचे आणि ते पुन्हा डुगडुगायचं. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी जरा ठसक्यातच विचारलं, "नाना, रोज काय काम चालतं हो वर?" ते दचकले. "काम? छे गो. उठाठेव." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "आज कुटाणे." तिसऱ्या दिवशी, "उपद्व्याप." काम हा शब्द चुकूनही नाही. मग मलाही गंमत वाटायला लागली. त्यांनी मला फरकसुद्धा समजावून सांगितला होता, शाळेत शिकवावा तसा. "खुडबुड हाताची. लुडबुड तोंडाची. चुळबुळ बसल्या जागी आणि येरझारा पायांच्या. उठाठेव मात्र अख्ख्या अंगाची. एक वस्तू इथून उचलायची, तिथे ठेवायची, मग परत इथे." असले शब्द माझ्या आजीनंतर मी कोणाच्या तोंडून इतक्या प्रेमाने ऐकले नव्हते.

बॅग भरत होते त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी जिन्यात पावलं वाजली, दोघांची. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. दोन पुरुष, एकाच्या हातात पिशवी. समोरच्या फ्लॅटचं कुलूप एकाने हातात घेऊन हलवून बघितलं. मग दोघं आमच्या दाराकडे वळले. "इधर ताला नहीं है," एक हळूच म्हणाला. मी बाळाला उचललं आणि त्याचं तोंड पदराने झाकलं. देवाचं नावसुद्धा आठवेना. ओरडावं तर ऐकणार कोण? कडीवर बाहेरून हात पडला, कडी किंचित वाजली... आणि वर धाडकन स्टूल आपटलं. मग हातोडी. मग नानांचा आवाज, एवढ्याशा माणसाचा केवढा मोठा, "गणपत, तू जिन्यात उभा राहा! बाबू, शिडी घेऊन खाली जा! अरे, चौघं काय बघत बसलात?" पुन्हा हातोडी, पुन्हा स्टूल, कुठलंसं पत्र्याचं पिंप गडगडलं. बाहेरची पावलं जिन्यावरून झपाझप उतरली. ते चोर होते की फ्लॅट बघायला आलेले कोणी, हे मला आजही सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "शैला, मी आहे गो." नाना हातोडी घेऊनच आले होते. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं तर अर्धं सदऱ्यावर सांडलं. "गणपत आणि बाबू कुठायत?" मी विचारलं. "छापखान्यात होते," नाना म्हणाले, "दोघंही वारले केव्हाच." मग खुर्चीत टेकून म्हणाले, "वरून जिन्यात डोकावलो तेव्हा दिसले ते दोघं. मी काही शूर नाही. तुझ्यापेक्षा जास्त भितो. ही गेल्यापासून घर गप्प झालं की छातीत धडधडतं. हाताला चाळा असला की तेवढं बरं वाटतं. हे उठाठेव, कुटाणे, उपद्व्याप म्हणजे तिच्या शिव्या. जन्मभर मला हेच बोलत आली. आता मीच स्वतःला बोलतो... घरात ती असल्यासारखं वाटतं."

बॅग मी त्याच दिवशी रिकामी केली. यांना नवल वाटलं. मी कारण सांगितलं नाही, सांगून त्यांना पटलंही नसतं. त्यानंतर दुपारी वर आवाज सुरू झाला की मी बाळाला झोपवायचे आणि स्वतःही आडवी व्हायचे. कधी वर शांत झालं तर मी खालून पळीने ताट वाजवायचे. वरून लगेच हातोडीचे दोन ठोके यायचे. हळूहळू कुलपं निघाली, माणसं आली, सोसायटी झाली, जिन्यात सायकली आल्या. एका मीटिंगमध्ये कोणीतरी तक्रारसुद्धा केली, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा दुपारी आवाज फार होतो म्हणून. मी उभी राहून अशी काही भांडले की हे घरी येऊन म्हणाले, "तुला झालंय तरी काय?"

गेल्या महिन्यात नानांना वाशीच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. छातीत दुखलं होतं. मी डबा घेऊन गेले तर त्यांचे दोन्ही हात चादरीवर नुसते पडलेले. ते हात मी इतके निश्चल कधी पाहिले नव्हते. नानांनी डोळे उघडले. "इथे फार गप्प आहे गो," ते म्हणाले, "मला भीती वाटते." खोटा धीर देणं मला कधीच जमलेलं नाही. मी टेबलावरचा पेला उचलून खिडकीत ठेवला. खिडकीतला पुन्हा टेबलावर. डब्याची झाकणं काढली, लावली. चमचा वाजवला. "काय करतेस?" त्यांनी विचारलं. "उठाठेव," मी म्हटलं. ते हसले, अगदी पूर्वीसारखे. "कर. थांबू नकोस." मी करत राहिले, नर्स येऊन ओरडेपर्यंत. मग भेटीची वेळ संपली आणि मला निघावं लागलं. माझ्यामागे तिथे आवाज कोणी केला असेल, हा विचार आला की अजून मला झोप लागत नाही.

नानांच्या मुलाने वरचं घर आवरलं, सामान नेलं आणि दाराला कुलूप लावलं. जाताना विचारलं, "काकू, तुम्हाला काही ठेवायचंय का?" मी स्टूल मागितलं. आता आमची बिल्डिंग गजबजलेली आहे, घराघरात टीव्ही चालू असतो. पण वर काही वाजत नाही आणि दुपार झाली की मला पुन्हा ती जुनी भीती वाटते. आमचा मुलगा आता दुसरीत आहे, दुपारी शाळेत असतो. मी स्टूल स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ओढते, हॉलमधून परत स्वयंपाकघरात. काल यांना सुट्टी होती. त्यांनी बघितलं आणि हातोडी शोधायला लागले. "एक पाय तर ढिला आहे. खिळा मारला की झालं." मी त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली. "नको," मी म्हटलं. "ते दुरुस्त झालं तर दुपारी मी काय करू?"