खिळ्यावर राहिलेला बटवा

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरून परत येऊन आठ दिवस झाले. इथे सौदीत, खफजीत शेजारणी विचारतात, कसं होतं? मी म्हणते, छान होतं, पांढरी घरं होती, पायऱ्या फार होत्या. एवढं सांगून मी चहा ठेवायला आत जाते. खरं काय झालं ते आम्हा तिघांनाच माहीत आहे. मुलीची शाळेतली एक अर्धी कोरी वही कपाटात होती, तिच्यात लिहून ठेवते.

मुलगी रियाधला एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर होती. तिला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. जुनी सुटली आणि नवी लागायची, या मधल्या दिवसांत ती म्हणाली, अम्मी-अब्बांना कुठेतरी नेते. आम्ही फक्त खफजी आणि श्रीवर्धनकडचं आमचं गाव एवढंच ओळखतो. तिनं फोनवर चित्रं दाखवली. समुद्रातून उभा वर आलेला डोंगर, आणि त्याच्या काठावर मीठ सांडावं तशी घरं. म्हणाली, हा अख्खा ज्वालामुखी आहे, मधला भाग फुटून समुद्रात बुडाला, कड तेवढी उरली.

हे म्हणाले, "ज्वालामुखी बघायला एवढ्या लांब कशाला? जूनमध्ये दुपारी आपलं दार उघड, फुकटात बघ."

"अब्बा, आप ना, बस." मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते.

तयारी तिनंच केली. मला एकदा रियाधला नेऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला लावले. माझे ठसे मशीनला दिसेनात. मासे साफ करून करून बोटं गुळगुळीत झालीत, असं मी मुलीला हळूच म्हटलं, तर तिनं ते काउंटरवरच्या माणसाला हिंदीत सांगून टाकलं. तो हसला. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी आधीच परक्या माणसाशी बोलत नाही. बक्काल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानातसुद्धा बोट दाखवून वस्तू घेते.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी तिन्ही पासपोर्ट, तिन्ही इकामे, म्हणजे सौदीत राहायची ओळखपत्रं, आणि खुरूज-औदाचे कागद माझ्यापुढे ठेवले. खुरूज-औदा म्हणजे देशाबाहेर जाऊन परत आत येण्याची परवानगी. त्यावर तारीख असते. त्या तारखेच्या आत परत यायचं, नाहीतर दार बंद.

"हे तुझ्याकडे राहू दे," हे म्हणाले. "आम्ही दोघं विसरभोळे. तू काही हरवत नाहीस."

खरं तर मी हरवत नाही म्हणण्यापेक्षा माझ्याकडे हरवायला काही नसतंच. पण मला बरं वाटलं. जुन्या कुर्त्याच्या अस्तराचा मी एक बटवा शिवला, यांच्या पायजम्याची नाडी लावली, आणि गळ्यात घालून ओढणीखाली ठेवला. आत कुराणातली आयत, आयतुल कुर्सी, लिहिलेला एक छोटा कागदही घडी करून ठेवला. प्रवासात ती जवळ असली की जीव शांत राहतो.

पण तिथे दोन दिवस जीव शांत नव्हता. माझा हात सारखा छातीवर. पायऱ्या उतरताना, गाढवं वर चढत येत तेव्हा भिंतीला चिकटताना, जेवताना, फोटो काढताना. मुलगी फोटो बघून म्हणाली, "अम्मी, हर फोटो में ऐसा लग रहा है जैसे अभी किसी की खबर आयी है।"

"अगो, हात खाली घे," हे म्हणायचे. "समुद्र बघ जरा."

मी समुद्र बघायची आणि बटवा चाचपायची. डोळ्यांना दिसलं सगळं, पण आत काही उतरलं नाही.

तिसरा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अथेन्सचं विमान, तिथून रियाध. मुलीला रविवारी नव्या जागी हजर व्हायचं होतं. भाड्याची गाडी घेऊन आम्ही कड्यावरच्या एका लहान गावात गेलो. तिथे एका म्हाताऱ्या बाईचं कॉफीचं दुकान होतं, चार टेबलं आणि एक द्राक्षाचा मांडव. कॉफी झाल्यावर हे दोघं फोटो काढायला कड्याकडे गेले. मी दुकानामागच्या संडासाकडे गेले.

आता झालं असं, की अल्लाहचं नाव घेऊन संडासात जायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. गळ्यातला तावीजसुद्धा बाहेर काढून ठेवतात. दम्मामच्या रस्त्यावर पेट्रोल पंपाशी थांबलो की मी असं काही जवळ असलं तर यांच्या हातात देते. इथे हे नव्हते. दाराबाहेर भिंतीत एक खिळा होता, त्यावर गवताची टोपी टांगलेली. मी बटवा काढला आणि त्या टोपीखाली टांगला.

बाहेर आले तर बाजूलाच नळ होता. जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ झालेली, म्हटलं वजू करून घ्यावं. हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुवायला एक पाय वर घेतला, तेवढ्यात ती म्हातारी मागच्या दारातून आली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रागावणार, कोणाच्या नळावर पाय धुतेय म्हणून. ती आत गेली आणि टॉवेल घेऊन आली. कोरा, इस्त्री केलेला. हातात धरून उभी राहिली. थँक्यू येतं मला, पण ते तोंडातून निघालं नाही. मी टॉवेल घेतलाच नाही. ओल्या पायांनी चपला घातल्या, मान खाली घातली आणि जवळजवळ पळत कड्याकडे गेले.

तिथून आम्ही गाडीनं बेटाच्या दुसऱ्या बाजूला उतरलो. काळ्या वाळूचा किनारा. ती वाळू म्हणजे जुनी थंड झालेली राखच, मुलगी सांगत होती. मी एका दगडावर बसले. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आता फोटो काढ गो माझा." मी फोन घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तेव्हा कळलं की छातीवर हात नाही, आणि हाताखाली काही नाही.

मी फोटो काढला. तो फोटो अजून आहे, हे हसतायत आणि मागे समुद्र तिरका.

मग मी बसून राहिले. सांगायचं कसं हे ठरवत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस होता, त्याचा पासपोर्ट सुट्टीवर असताना गेला. नवा काढेपर्यंत खुरूज-औदाची तारीख गेली, आणि मग तो आलाच नाही. त्याचं सामान आम्ही खोक्यात भरून पाठवलं, चपलांसकट. मी त्या चपला कागदात गुंडाळल्या होत्या. दगडावर बसून मला त्याच दिसत होत्या. आमचं चालेल, आम्ही गावी जाऊ, घर आहे. पण मुलगी? तिची जुनी नोकरी सुटलेली आणि नवी हातात आलेली नाही. रविवारी तिची खुर्ची रिकामी राहिली तर ती कोणाला काय सांगणार? आईनं बटवा खिळ्याला टांगला म्हणून?

शेवटी ती माझ्याशेजारी येऊन बसली, तेव्हा मी म्हटलं, "बटवा नाही."

"नहीं मतलब?"

"त्या कॉफीवालीकडे राहिला. संडासाबाहेर. खिळ्यावर."

तिचा चेहरा एकदम लहान झाला. शाळेत असताना निकालाच्या दिवशी व्हायचा तसा. उठली आणि पाण्यातून यांना ओढून आणलं. यांना कळल्यावर हे ओल्या पायांनी उभे, पँट अजून दुमडलेली.

"सगळं? इकामेपण?"

"सगळं."

"आणि खिळ्यावर का टांगलंस?"

"आत आयत होती."

हे म्हणाले, "बावीस वर्षं मी तेलवाल्यांचं गोदाम सांभाळलं, एक नट कधी कमी आला नाही. आणि इथे ज्वालामुखीवर येऊन माझा इकामा संडासाला टांगला."

"अब्बा, चलो. बाद में बोलना."

"बोलतोय कुठे? यल्ला, चला म्हणतोय."

मुलगी गाडी चालवत होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. एकदा तिनं हळू आवाजात विचारलं, "अम्मी, दुकान का नाम याद है?" मला नाव वाचता आलं नव्हतं. "द्राक्षाचा मांडव होता," मी म्हटलं. तिथे दर तिसऱ्या घराला मांडव आहे.

पण मांडवाखालच्या टेबलांचा रंग मला आठवत होता, आमच्या खफजीतल्या मासळी बाजाराच्या दारासारखा हिरवा. गावात पोचल्यावर तो मीच आधी ओळखला. गाडी लावायला जागा नव्हती. मुलगी म्हणाली, "आप उतरो, मैं आती हूँ।" यांचा गुडघा दुखत होता, पायऱ्यांशी हे मागे राहिले. म्हणाले, "तू हो पुढे. धाव."

मी एकटीच मागच्या दाराशी पोचले. खिळ्यावर टोपी होती. टोपीखाली काही नव्हतं.

माझ्यात तेव्हा लाज उरली नव्हती. मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात घुसले. म्हातारी टोमॅटो चिरत होती. मी गळ्याभोवती नाडीसारखं बोट फिरवलं, छातीवर चौकोन काढला, खिळ्याकडे दाखवलं, पुन्हा गळा, पुन्हा चौकोन. तोंडानं मराठीत बोलत होते, "माझा बटवा, इथे टांगला होता, बाई, तीन पासपोर्ट आहेत आत." माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ती म्हणाली, "ने, ने."

ने? मी इकडेतिकडे बघितलं. काय नेऊ? टोमॅटो? ती पुन्हा म्हणाली, "ने, ने, ने," आणि हात पुसत पुढच्या खोलीकडे गेली. मी तिच्यामागे. तिथे कोपऱ्यात त्यांच्या संताचं चित्र होतं, खाली बारीक दिवा, आणि दिव्याशेजारच्या फळीवर माझा बटवा. नाडी नीट गुंडाळून ठेवलेली. मी हात पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं. बटव्यातून एक पासपोर्ट काढला, यांचा निघाला. तो ठेवून दुसरा काढला, मुलीचा. तिसरा माझा. चष्मा लावून फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. मग तिनं माझ्या गालावर ओल्या हातानं हलकी चापटी मारली आणि म्हणाली, "ने."

मी म्हटलं, "नेते, बाई. नेते." आणि तिथेच तिच्या खुर्चीवर बसून रडले.

मुलगी आली ती मला रडताना बघून पांढरी पडली. मी बटवा वर करून दाखवला. ती माझ्या शेजारी जमिनीवरच बसली आणि आधी हसली, मग तीही रडली. हे धापा टाकत पोचले. दारात उभे राहून म्हणाले, "मिळालं की नाही मिळालं? दोघी रडताय, माणसानं काय समजायचं?"

मी म्हटलं, "तिनं सांगितलं, ने. मी घेतला."

"मराठी येतं तिला?"

मुलीनं फोनवर बघितलं. म्हणाली, त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे हो. हे ऐकून आधी हे हसले आणि मग मीही. म्हातारीला काय कळलं माहीत नाही, पण तीही हसायला लागली. मी तिला थँक्यू म्हटलं. दोनदा म्हटलं, एकदा टॉवेलचं.

मग तिनं आम्हाला मांडवाखाली बसवलं. टोमॅटोची भजी तळून आणली, आपल्या कांदाभजीसारखीच, आंबटगोड. मी सात खाल्ली. खाली समुद्र होता, इतका खोल की वरून त्याच्यावरची जहाजं भाताच्या दाण्याएवढी दिसत होती. चारी बाजूंनी काळ्या-तांबड्या कड्यांची पाटी आणि मध्ये ते निळं पाणी. एवढा मोठा डोंगर आत बुडाला आणि वर इतकं शांत. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बघत बसले.

उठताना यांनी बटवा माझ्यापुढे सरकवला. "घाल गळ्यात."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"ज्याचा पासपोर्ट त्यानं सांभाळावा. मी माझा सांभाळते."

हे मुलीकडे बघून म्हणाले, "ऐक. चौथी शिकली, पण आता कायदा शिकवते."

"सही तो बोल रही हैं," मुलगी म्हणाली आणि आपला पासपोर्ट काढून घेतला. यांनीही मग आपला घेतला, शर्टाच्या खिशात ठेवला, बटण लावलं, बटण ओढून बघितलं. गाडीत बसेपर्यंत खिसा तीनदा चाचपला. हॉटेलात जेवताना हात तिथेच. मुलीनं हळूच फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी अथेन्सहून निघाल्यावर मला झोप लागली. रियाधला चाकं जमिनीला टेकली तेव्हा जाग आली. मुलगी म्हणाली, अब्बा सगळी वाट जागेच होते, त्यांनी जेवणसुद्धा एकाच हातानं खाल्लं.