अक्कांच्या हातातल्या बांगड्या

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास बसवनगुडीत मुलींच्या शर्यती असल्या की शेवटच्या रेषेवर पंच म्हणून अक्काच असायच्या. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही एकाच लांबीची. धावण्याआधी मुली आपल्या बांगड्या त्यांच्याकडे ठेवायला देत, आणि अक्का त्या सगळ्या स्वतःच्याच हातात चढवत. निकालासाठी हात वर केला की कोपरापर्यंत खळखळाट. मी शेजारी घड्याळ घेऊन बसायचे.

एकदा चारशे मीटरला खेड्यातली एक उंच मुलगी पहिली आली. ओठांवर लव, आवाज घोगरा. दुसऱ्या आलेल्या मुलीचे सर तावातावाने आले.

"अक्का, ही मुलगी नव्हेच. मोठ्या स्पर्धांत तपासतात, हिलाही तपासा."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "मग आठही जणींना तपासू. तुमच्या मुलीपासून सुरुवात. मिशी तर मलाही आहे."

"आणि डॉक्टरला खरंच काही वेगळं सापडलं तर?"

"सापडेलही. जन्मली तशी धावली ती. त्यात चोरी कसली?"

सर आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याच पोरीसाठी सांगतोय हो."

दुसरी आली होती ती अक्कांची लेक. अक्कांनी शिट्टी फुंकून पुढची शर्यत बोलावली.

घरी जाताना लेक फुरंगटून पुढे चालत होती. तिच्या बांगड्या अजून अक्कांच्याच हातात होत्या.

"बरोबर केलं ना गं मी?" अक्कांनी विचारलं मला, पण आवाज मैदानावरचा. लेकीने मागे न बघता, रिलेत काठी घेतात तसा, हात मागे केला.