कड्याच्या आतला मामा

माझा मामा बोलतो तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडकी उघडून "काय झालं हो?" असं विचारतात. काहीही झालेलं नसतं, मामाने मामीकडे फक्त मीठ मागितलेलं असतं. कान अधू झालेल्या माणसाला स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळत नाही, आणि मामाचे कान तांब्याने खाल्ले.

आमच्या घरामागे तांब्याची मोठी भांडी करणारा कारखाना आहे. फुलांचा अर्क काढायला, रंग उकळायला लागतात तसली भांडी, एकेक एवढं की आत माणूस बसावा. आणि बसतोच. तांब्याचे पत्रे रिव्हेटने जोडताना बाहेरून ठोक्या हातोडा घालतो, तेव्हा आतून कोणीतरी रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो, नाहीतर रिव्हेट आत पळतो. तो कोणीतरी म्हणजे मामा. अंगाने काडी, खांदे जवळजवळ नाहीतच. कारखान्यात त्याला सगळे 'आतला' म्हणतात. "आतला कुठाय?" "आतला बाहेर गेलाय चहाला." हे वाक्य तिथे कोणालाच विचित्र वाटत नाही.

आत काय असतं, हे मी मामालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "आत मीच असतो. चारी बाजूंना." घासलेल्या तांब्यात त्याचंच तोंड दिसतं, कुठे लांबट, कुठे चपटं, सगळीकडे लालबुंद. आणि बाहेर हातोडा पडला की आवाजाला पळायला जागा नसते. तो भांड्यात गोल फिरतो आणि शेवटी मामाच्या कानात घुसतो.

तांब्याबद्दल मात्र मामा कधी वाईट बोलणार नाही. हातोडा खाऊन खाऊन तांबं कडक होतं, आणखी मारलं तर तडकतं. पण भट्टीत लाल करून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ, जणू काही झालंच नव्हतं. "लोखंड असं करत नाही," मामा सांगतो. "लोखंड डूख धरतं." आच चटकन सगळीकडे सारखी पसरते, म्हणून अर्क करपत नाही. फक्त तांबं पडलं मऊ. त्यात आटे पाडून झाकण आवळलं तर चार दिवसांत आटे घासून जातात. म्हणून भांड्याच्या तोंडाला गनमेटलचं कडं बसवतात. गनमेटल म्हणजे तांबंच, पण कथील आणि थोडं जस्त घालून ओतलेलं, लालसर पिवळं, झिजता झिजत नाही. खालचा नळ पितळेचा असतो, कारण तांब्यात जस्त भरपूर पडलं की झालेलं पितळ लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. रिव्हेट मात्र तांब्याचेच. लोखंडाचे घातले तर तांब्याच्या शेजारी ओल लागताच लोखंड कुजायला लागतं.

कडं सगळ्यात शेवटी बसतं. तेही रिव्हेटनेच, म्हणजे मामा आत असतानाच. मग मामा त्या कड्यातून बाहेर येतो, आधी हात, मग डोकं, मग उरलेला. दुसरं कोणी त्यातून येऊ शकत नाही, म्हणून दुसरं कोणी आत जात नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे काम बंद करा, नाहीतर आहे तेवढंही जाईल. मामा मालकांकडे गेला. त्याला बाहेरचं काम हवं होतं, हातोड्याचं, ज्यात माणूस आकाश बघत ठोकतो. इथे आमच्या मालकांची भाषा समजून घ्यायला हवी. ते सगळं 'हं'मध्ये बोलतात. एक तुटका 'हं' म्हणजे नाही. दोन 'हं' म्हणजे बघू. एक लांब, खाली उतरत जाणारा 'हंऽऽ' म्हणजे हो, पण तो फारसा कोणी ऐकलेला नाही.

"हं. हं," मालक म्हणाले. भिंतीवर कारखान्यातलं सगळ्यात पहिलं कडं टांगलेलं आहे, त्याकडे बोट केलं. "ज्या दिवशी तू कड्यातून निघणार नाहीस ना, त्या दिवशी बाहेरचं काम तुझं."

सगळे खोखो हसले. मामाला हसणं ऐकू आलं नाही. त्याला बोली ऐकू आली.

त्या दिवसापासून मामा खायला लागला. लोणी, अंडी, बटाटे, जे मिळेल ते. मामी वाढून वाढून दमली. "खाल्लेलं जातं कुठे, तेच कळत नाही बाई," ती माझ्या आईला सांगायची. "उरलंसुरलं खाऊन शेजारचं मांजर गरगरीत झालं, आमचं ध्यान आहे तसंच!"

आणि मग एका संध्याकाळी मामा दारातूनच गरजला, "घासलं! आज कंबरेला घासलं!" चार खिडक्या उघडल्या. मामाने सगळ्यांना सदरा वर करून ओरखडा दाखवला. पुढच्या भांड्याच्या वेळी कातडी सोलली. मामाचा आनंद गगनात मावेना. मामीने मात्र त्याची विजार वाळत घालताना बटण बघितलं. ते जुन्याच जागी होतं, सरकवावं लागलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या भांड्यात मामा अडकला.

दुपारी ठोक्या धावत आमच्याकडे आला. हा माणूस एरवी असा चालतो की रस्त्याने बाजूला व्हावं. "वहिनी, चला! आतला निघत नाहीये! आणि आपण बोलतोय ते त्याला कळतही नाहीये!" मामी निघाली आणि तिने मला दंडाला धरून ओढलं, कारण मामाला अलीकडे फक्त माझंच कळतं. मी एखाद्याची नक्कल करते तेव्हा तोंड, भुवया, हात, मान, सगळंच त्या माणसाचं होतं, आणि मामा ते बघून ऐकतो.

कारखान्यात भांडं भट्टीच्या अलीकडे उभं होतं. दारातून ऊन थेट त्याच्यावर. कड्यातून मामाचे दोन हात आणि डोकं बाहेर, बाकी आत. मी पोचेपर्यंत तो पुन्हा आत घसरला. मी शिडीवर चढून डोकावले. आत दिवा होता आणि दहा-बारा लाल मामा होते. गरम हवेला ओल्या नाण्यासारखा वास येत होता. बाहेरच्या बाजूला हात लावला तर चटका बसला.

मामा हसत होता. "निघालो नाही!" तो ओरडला. भांडं घणघणलं. "मालकांना सांग, निघालो नाही! बोली पुरी झाली!"

खाली सगळे एकदम बोलत होते. ठोक्या म्हणाला, "तेल लावा. आपण ओढतो. आपल्याला काय, म्हैस ओढलीये आपण." मामी म्हणाली, "म्हैस ओढलीत तशी जीभही आवरा." तेल लावून झालं. मामाच्या कंबरेची हाडं कड्याला अडली ती अडलीच. हाडांना तेलाचं काय?

"हं," मालक म्हणाले, तुटका. "जाडा झाला म्हणता? मला तर काही दिसत नाही." त्यांनी भिंतीवरचं जुनं कडं उतरवायला लावलं आणि भांड्याच्या कड्यावर टेकवलं.

नवं कडं जुन्याच्या पोटात बसलं. चहूकडून बोटभर फट राहिली.

सगळ्यांनी ओताऱ्याकडे पाहिलं. कडी तो ओततो. तो बिचारा प्रत्येक वाक्य मागे वळून बघत बोलतो. "म्हणजे... चूक अशी नाही... पण चूकच. लाकडी नमुना होता ना, तो वाळवीने खाल्ला. मग मी काय केलं, मागचंच कडं वाळूत दाबून साचा काढला."

"मग?"

"मग, धातू निवताना आकसतो ना. लाकडी नमुना म्हणून थोडा मोठा असतो. मी कड्यावरून कडं काढलं, ते जरासं लहान झालं. पुढचं त्याच्यावरून काढलं, ते आणखी जरासं. म्हणजे दर वेळी... जरासंच."

म्हणजे मामा जाडा होत नव्हता. त्याच्याभोवतीचं कडं आवळत चाललं होतं.

मालकांनी जुनं कडं उचलून दाखवलं. "बोली या कड्याची होती. यातून तो आजही निघेल. हं." मग माझ्याकडे बघितलं. "सांग त्याला."

मी मालकांची नक्कल नेहमी मजेत करते. त्या दिवशी शिडीवर माझ्या भुवयाच उचलेनात. तरी केली, ओताऱ्यासकट सगळी. शेवटचा 'हं' मी हळूच सोडला, पण मामाने तो माझ्या ओठांवर पकडला. सगळे लाल मामा एकदम हसायचे थांबले. तो भांड्याच्या तळाशी मांडी घालून बसला.

ठोक्याने छिन्नीने रिव्हेटची डोकी उडवायला घेतली. दुसरा इलाज नव्हता. प्रत्येक घावाला मामा गुडघ्यांत कान दाबत होता, आणि मामी बाहेर डोळे मिटत होती. शेवटी कडं निघालं. भांड्याचं तांब्याचं तोंड मोकळं झालं, आता एक सोडून दोन मामा निघाले असते.

मामा निघाला नाही.

"अरे ये की बाहेर!" ठोक्या.

"भाजशील आत!" मामी.

"हं. हं. संध्याकाळी गिऱ्हाईकाची गाडी येतेय," मालक म्हणाले. "जुन्या मापाचं कडं आहेच हे, तेच बसवू." मी तेही करून दाखवलं.

"ते बसवायला आत कोण असेल?" मामाने विचारलं. "मीच ना? मग बाहेर येऊन परत जाऊ कशाला? बसतो इथेच. भांडं माझ्यासकट पाठवा."

ठोक्याने छिन्नी खाली ठेवली. मग मामा म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही, "ठोक्याच्या मापाचं कडं ओता. तो निघेल एवढं. मग कोणीही आत जाईल, पाळीपाळीने."

"एवढं तोंड?" मालक म्हणाले. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणजे... मी बोलू नये," ओतारी म्हणाला, "पण भांडं घासायला त्याचाही एखादा आतला असेलच. त्याला बरंच वाटेल."

मालकांनी भट्टीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटले.

"किती हं?" आतून मामाने विचारलं.

"एकच," मी म्हटलं.

"तुटका?"

मी मालकांचा चेहरा केला आणि त्यांचा 'हं' होता तसा सोडला, लांब, खाली उतरत जाणारा. मामाने तो दोनदा करायला लावला. मग हात वर केले.

गाडी रिकामी परत गेली. लाकडी नमुन्यासाठी मामीने सुतळी घेऊन ठोक्याचं पोट मोजलं. त्याने पोट आत ओढलं. "श्वास सोडा भाऊजी," मामी म्हणाली, "आत अडकलात तर ओढायला म्हैस कुठून आणू?"

नवं कडं बसायच्या दिवशी मी शाळेतून आले ती थेट कारखान्यात. ठोक्या आत होता. बाहेर मामा, हातात हातोडा. मारायच्या आधी त्याने शिडीवरून ठोक्याला कापसाचे दोन बोळे दिले आणि खूण केली, कानात घाल. मग ठोकायला लागला. सगळे रिव्हेट बसल्यावर ठोक्या त्या कड्यातून बाहेर आला, घामाने निथळत, डोळे फिरवत. "बाप रे!" तो किंचाळला. "मी ओरडतोय का?"

"काय?" मामा म्हणाला.

रात्री जेवताना मामाने मला ठोक्याचं बाहेर येणं पुन्हा पुन्हा करायला लावलं. दर वेळी एवढा हसला की शेजारची खिडकी उघडली. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझा हातोडा कसा वाजत होता गं? बाहेरून?"

मी गाल आत ओढले आणि टाळूला जीभ लावून काढला तो आवाज. तांब्यावरचा, भरलेला, शेवटी थोडा थरथरणारा.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "पुन्हा कर," तो म्हणाला.