ओढ्याने नेलेली पट्टी

अनुदान कार्यालयातल्या मोजणीदाराला बढतीचं पत्र तिसऱ्यांदा आलं, तेव्हा त्याने ते घडी घालून खिशात टाकलं आणि सगळ्यांना मुकाट्याने चहा पाजला. माणूस कामाला चोख. पेरलेल्या जमिनीवर सरकार अनुदान देतं; कोणी किती पेरलंय ते शेतात जाऊन मोजायचं आणि फॉर्मवर आकडा लिहायचा, हे त्याचं काम. त्याच्या मोजणीला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. बढती म्हणजे शहरात बदली. आधीच्या दोन बढत्या त्याने आईचे गुडघे दुखतात म्हणून नाकारल्या. आई गेल्या वर्षी गेली. आता सबब उरली नव्हती.

खरं कारण ओढ्याकाठी होतं. अकरा वर्षांपूर्वी पुरात दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, शेताची एक लांबच लांब पट्टी वाहून गेली. हा मोजायला गेला तेव्हा दाजी कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभे होते.

"यंदा जुनाच आकडा राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी भराव घालतो, जमीन परत वर काढतो."

ताई चहा घेऊन आली, पण नजर वर करून बघेना. त्याने जुना आकडा लिहिला.

भराव काही पडला नाही. दुसऱ्या वर्षी खरा आकडा लिहावा, तर पहिल्या वर्षीचं खोटं उघडं पडणार. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं. ओढा दरसाल हातभर आत सरकत होता आणि कागदावरचं शेत जागचं हलत नव्हतं. तो बदलून गेला की त्याच्या जागी दुसरा येणार, बांधावर टेप धरणार, आणि ताईच्या घराची अब्रू चव्हाट्यावर येणार. म्हणून तो खुर्चीला चिकटून बसला होता.

या खेपेला मात्र त्याने मनाचा हिय्या केला. दुपारी तो कार्यालयाच्या मुख्य बाईंच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं.

बाईंनी आधी उठून दार लावलं. मग कपाटातून दाजींची फाइल काढून त्याच्यापुढे उघडली.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि खालची?"

"तुमची."

"'समक्ष पाहणी केली' असं लिहून केलेली. अकरा वेळा. मी त्या ओढ्याकडे कधी फिरकलेसुद्धा नाही." बाईंनी फाइल मिटली. "मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही."

"पण बाई, मला आता हे सहन होत नाही हो."

"तुम्हाला हलकं वाटेल. माझं काय?" त्यांनी हात पुढे केला. "द्या ते पत्र. तुमची इथेच गरज आहे असं मीच वर कळवते."

शिक्षा होईल नाहीतर सुटका होईल, एवढंच तो धरून चालला होता. असंही काही होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो दाजींच्या शेतावर गेला, काठाकाठाने चालला आणि बाराव्यांदा तोच आकडा लिहून आला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. इतकी वर्षं नवरा भित्रा आहे, शहराला घाबरतो, असंच तिला वाटत आलं होतं. त्यावरून तिने त्याला कमी टोमणे मारले नव्हते.

"म्हणजे आपण इथून हलायचंच नाही?"

"दोन वर्षं तर नाहीच. पुढे कोण साहेब येतो, कोण जाणे."

देठं गोळा करून तिने ताट बाजूला सारलं.

"मग भिंतींना रंग तरी देऊन घेऊ. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणून मीच थांबले होते."

रविवारी रंगारी आला. त्याने रंगांचं पुस्तक पुढे धरलं आणि कुठला देऊ म्हणून विचारलं. मोजणीदार पानं उलटत राहिला, त्याला काही ठरवता येईना. शेवटी बायकोनेच ते पुस्तक मिटून परत दिलं.

"टिकेल असला दे," ती म्हणाली.